मेंदूचा मुका मार व शाळेत परतणारे मूल

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

पाठाचे उद्देश : डोके आपटलेल्या मुलाची जागच्या जागी पाहणी शिक्षकास करता यावी, धोक्याची लक्षणे ओळखता यावीत, मेंदू निसर्गक्रमाने कसा पूर्ववत होतो व त्यास कोणत्या गोष्टी साहाय्यक होतात हे समजावे, आणि असे मूल शाळेत परत आल्यावर त्याच्या अभ्यासाचा व खेळाचा क्रम आखता यावा.

१. विषयप्रवेश

शाळेच्या आवारात मूल पडणे ही नित्याची गोष्ट आहे. गुडघा फुटला किंवा कोपर खरचटले, तर शिक्षक जखम धुतात, औषध लावतात व पट्टी बांधतात. जखम डोळ्यांना दिसते, म्हणून तिची काळजी घेतली जाते. परंतु मुलाचे डोके आपटले, रक्त आले नाही आणि मूल थोडे रडून उभे राहिले, की ‘काही झाले नाही’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही वेळा कवटीच्या आत मेंदूस हादरा बसलेला असतो. डॉक्टर यालाच ‘कन्कशन’ म्हणतात. आपल्या भाषेत त्यास मेंदूचा मुका मार म्हणणे योग्य होईल, कारण वरून खूण दिसत नाही आणि आत मात्र दुखापत झालेली असते.

अशा मुलाच्या बाबतीत दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली चूक म्हणजे दुखापतीकडे दुर्लक्ष करणे. मूल त्याच दिवशी पुन्हा खेळू लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, उत्तरे उशिरा येतात, आणि आपण त्यास आळशी ठरवतो. दुसरी चूक याच्या उलट आहे. भयापोटी मुलास कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले जाते, त्याचे चालणे-बोलणे बंद केले जाते आणि शाळा सुटते. ही दोन्ही टोके मुलास अपायकारक आहेत. मेंदू बहुतेक वेळा आपला आपण बरा होतो. त्यास हवी असते ती मोजून दिलेली विश्रांती आणि तितक्याच मोजून दिलेल्या कामाकडे परतणे. हे मोजण्याचे काम दिवसाचे पाच-सहा तास शिक्षकाच्या हाती असते. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा नसून आपलाही आहे.

२. हादऱ्याने मेंदूस काय होते?

मेंदू हा मऊ अवयव आहे. कवटीच्या टणक पेटीत तो एका पातळ द्रवात तरंगत असतो. नेहमीच्या हालचालीत हा द्रव त्याचे रक्षण करतो. डोक्यास किंवा अंगास एकाएकी जोराचा धक्का बसला, की कवटी थांबते पण आतील मेंदू क्षणभर हलतच राहतो, पिळवटतो व ताणला जातो. विरजणाच्या भांड्याला जोरात धक्का लागला तर भांडे फुटत नाही, पण आतले दही हलते. तसाच काहीसा हा प्रकार होय. प्रत्यक्ष डोकेच आपटले पाहिजे असेही नाही. मूल उंचावरून पाठीवर आदळले आणि मानेस जोराचा हिसका बसला, तरी मेंदूस हादरा बसू शकतो.

या ताणामुळे मेंदूतील पेशींच्या आत-बाहेरील क्षारांचा समतोल बिघडतो. पोटॅशियम पेशीबाहेर जाते व कॅल्शियम आत शिरते. हा समतोल पुन्हा साधण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा अधिक शक्ती खर्च करावी लागते. पण त्याच काळात मेंदूकडे येणारा रक्तप्रवाह काहीसा मंदावलेला असतो. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली, अशी त्या घराची अवस्था होते. एरवी सहज जमणारे वाचन, गणित किंवा फळ्यावरून उतरवून घेणे अशा वेळी मुलास जड जाते, त्याचे कारण हेच होय. याच काळात दुसरा मार बसल्यास मेंदूस तो सोसवत नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली ही, की हादरा बसण्यासाठी मूल बेशुद्ध झालेच पाहिजे असे नाही. बहुसंख्य मुलांची शुद्ध मुळीच हरपत नाही. दुसरी ही, की डोक्याच्या क्ष-किरण किंवा सी.टी. स्कॅन तपासणीत हाड मोडणे वा रक्तस्राव होणे यांसारख्या गोष्टी दिसतात, पेशींच्या कार्यातील हा बिघाड दिसत नाही. ‘फोटो चांगला आला’ याचा अर्थ तातडीचा धोका दिसला नाही इतकाच घ्यावा. मूल पूर्ण बरे आहे असा तो घेऊ नये. आणि प्रत्येक मुलाचा फोटो काढलाच पाहिजे असेही नाही. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे.

३. अपघात घडताच शिक्षकाने काय करावे?

(अ) मुलाचा खेळ तत्काळ थांबवावा. त्या दिवशी त्यास पुन्हा खेळू देऊ नये, मग ते कितीही आर्जव करो.

(आ) मूल उंचावरून पडले असेल, मान दुखते म्हणत असेल किंवा बेशुद्ध असेल, तर त्यास ओढून उभे करू नये. डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर ठेवून मदत बोलवावी. बेशुद्ध मुलास उलटी होत असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्यास कुशीवर वळवावे.

(इ) बेशुद्ध किंवा गुंगीतील मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. गालावर चापट्या मारून किंवा खांदे गदागदा हलवून त्यास जागे करू नये.

(ई) मूल शुद्धीवर असल्यास त्यास सावलीत बसवून सौम्य शब्दांत चार प्रश्न विचारावेत : आपण आता कोठे आहोत? मधली सुट्टी झाली की व्हावयाची आहे? मागच्या तासाला काय शिकलो? तुझ्या वर्गशिक्षकांचे नाव काय? उत्तरे चुकली, फार उशिरा आली किंवा मूल तेच ते विचारू लागले, तर मेंदूस हादरा बसला असे धरून चालावे.

(उ) डोके दुखणे, मळमळणे, घेरी येणे, तोल जाणे, अंधूक दिसणे, उजेड किंवा गोंगाट न सोसणे, गोंधळल्यासारखे दिसणे, विनाकारण रडू येणे अथवा चिडचिड होणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी मुलास डॉक्टरांकडे दाखवावे. काही लक्षणे काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशीही प्रकट होतात.

(ऊ) मुलास एकटे घरी पाठवू नये. दुसऱ्या मुलाच्या सायकलवर बसवूनही पाठवू नये. पालकांना बोलावून त्यांच्या स्वाधीन करावे आणि किती वाजता, कसा व कोठे मार लागला, त्यानंतर काय दिसले, हे कागदावर लिहून द्यावे. डॉक्टरांना या चार ओळींचा फार उपयोग होतो.

४. धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने मुलास रुग्णालयात न्यावे :

१. शुद्ध हरपणे, किंवा झोपेतून जागे न होणे.
२. वारंवार उलट्या होणे.
३. डोकेदुखी क्रमाने वाढत जाणे.
४. आकडी येणे.
५. डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, किंवा एकाची दोन माणसे दिसणे.
६. हातापायांतील शक्ती कमी होणे, बधिरपणा येणे, बोलणे अडखळणे.
७. नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे.
८. गोंधळ, अस्वस्थपणा किंवा गुंगी वाढत जाणे. माणसे न ओळखणे.
९. मान फार दुखणे.

यांतील एका गोष्टीचा विशेष उल्लेख करणे अवश्य आहे. कधी कधी मार लागल्यानंतर मूल काही काळ अगदी चांगले दिसते, बोलते, खाते. आणि आत रक्त साठत गेल्यामुळे काही तासांनी ते एकाएकी खालावते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत मुलाजवळ जाणते माणूस असणे आवश्यक आहे. शेतीच्या हंगामात घर दिवसभर रिकामे असते. मूल कोणाजवळ राहणार, हे त्याच दिवशी विचारून घेणे हे शिक्षकाचे लहानसे पण मोलाचे काम आहे.

५. विश्रांती किती दिवस द्यावी?

अशा मुलास पूर्ण बरे वाटेपर्यंत अंथरुणात ठेवावे, असे पूर्वी पुष्कळ ठिकाणी सांगितले जाई. तर्क सरळ होता : विरजण हलवू नये म्हणजे दही नीट लागते. पण मेंदू म्हणजे विरजण नव्हे. तो काम करीत करीतच सुधारणारा अवयव आहे. अलीकडच्या संशोधनाने या बाबतीत डॉक्टरांचे मत बदलले आहे. तो बदल शिक्षकांनी समजून घ्यावा.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात डॅनी थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ते २२ वर्षे वयाच्या ९९ रुग्णांपैकी काहींना पाच दिवसांची कडक विश्रांती सांगण्यात आली. इतरांना एक-दोन दिवस विश्रांती आणि नंतर हळूहळू नेहमीच्या व्यवहाराकडे परतणे, असा क्रम सांगण्यात आला. कडक विश्रांती घेणारे लवकर बरे होतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात त्यांनीच अधिक लक्षणे सांगितली आणि त्यांची लक्षणे जाण्यास अधिक दिवस लागले.

पुढे २०१९ मध्ये बफेलो विद्यापीठातील जॉन लेडी व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी १३ ते १८ वर्षांच्या १०३ मुलामुलींचे दोन गट केले. एका गटास त्रास वाढणार नाही इतपत हलका, श्वास-नाडी चालविणारा व्यायाम रोज दिला, दुसऱ्यास केवळ अंग ताणण्याचे प्रकार दिले. पहिल्या गटास बरे होण्यास मध्यमानाने १३ दिवस लागले व दुसऱ्यास १७ दिवस. हा व्यायाम प्रत्येकाची सहनशक्ती तपासून, वैद्यकीय देखरेखीखाली दिलेला होता, हे विसरू नये. मुलास पळावयास लावावे असा त्याचा अर्थ नव्हे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अशा सर्व पुराव्यांचा विचार केला. तिचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा सारांश असा : पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी. सापेक्ष विश्रांती म्हणजे निश्चल पडून राहणे नव्हे; उठणे, बसणे, घरातील हलके व्यवहार, अंगणात थोडे चालणे चालू ठेवावे. त्यानंतर शाळेकडे व व्यायामाकडे पायरीपायरीने परतावे, आणि मैदानाच्या आधी वर्ग पुरा साधावा.

६. निसर्गाची साधने

मेंदूचा हादरा उतरविणारी गोळी उपलब्ध नाही. जी साधने उपयोगी पडतात ती गरिबातल्या गरीब घरीही असतात. ती नियमाने वापरणे एवढेच कठीण असते.

झोप – ‘डोक्याला मार लागला, झोपू देऊ नका’ ही समजूत सर्वत्र आढळते. डॉक्टरांनी मूल तपासले असेल व धोक्याचे लक्षण नसेल, तर त्यास झोपू द्यावे. झोपेतच मेंदूस सर्वांत अधिक विसावा मिळतो. पहिल्या रात्री जागे करून पाहावे की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ६ ते १२ वर्षांच्या मुलास एरवीही रोज ९ ते १२ तास झोप लागते. निजण्याची व उठण्याची वेळ ठरलेली असावी. मात्र पहिल्या दिवसांनंतर दिवसभर झोपवून ठेवू नये, कारण त्यामुळे रात्रीची झोप मोडते.

पाणी व आहार – मूल उपाशी किंवा तहानलेले असले की डोकेदुखी वाढते. वेळेवर पाणी व साधे, पचेल असे अन्न द्यावे. मळमळत असल्यास एका वेळी थोडे थोडे द्यावे. भाकरी, भात, वरण, दूध, केळे, जे घरी रोज असते तेच पुरेसे आहे. चहा-कॉफी टाळावी, कारण तिने झोप उडते.

उजेड व आवाज – पहिल्या दिवसांत उन्हात हिंडणे, लाउडस्पीकर, वाजंत्री व गर्दी यांपासून मुलास दूर ठेवावे. पण खोली काळोखी करण्याचे कारण नाही.

मोबाइल व दूरदर्शन – मूल घरी आहे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देणे ही आजची सर्वसाधारण चूक आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२ ते २५ वर्षांच्या १२५ रुग्णांपैकी ज्यांना पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहण्यास सांगितले, त्यांची लक्षणे मध्यमानाने साडेतीन दिवसांत गेली. ज्यांना पडद्याची मुभा होती त्यांना आठ दिवस लागले. पहिल्या दोन दिवसांपुरता हा नियम घरच्यांना आवर्जून सांगावा.

माणसांचा सहवास – आजीची गोष्ट, भावंडांशी गप्पा, एखाद्या मित्राची छोटी भेट यांनी मन प्रसन्न राहते. एकटे पडलेले मूल खिन्न होते, आणि खिन्न मुलाचे डोके अधिक दुखते. शिक्षकाने सायंकाळी पाच मिनिटे घरी डोकावून यावे. त्याचाही उपयोग होतो.

७. घरगुती उपायांविषयी

पालकांच्या श्रद्धेची थट्टा करून काही साधत नाही. जे निरुपद्रवी आहे ते राहू द्यावे, जे अपायकारक आहे तेवढे ठामपणे थांबवावे. टेंगळावर गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटे ठेवणे चांगले. तेल लावून टेंगूळ चोळणे किंवा ते दाबून बसविणे वाईट. हळद घातलेले दूध अन्न म्हणून द्यावयास हरकत नाही. पण हळदीने वा ब्राह्मीने मुलांतील मेंदूचा हादरा लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून त्यांच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. घरच्यांनी दृष्ट काढली तर काढू द्यावी, परंतु गाडी आधी दवाखान्याकडे न्यावी.

डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वयाप्रमाणे व वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेत द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. दुकानातून आणलेली झोपेची किंवा गुंगीची औषधे मुळीच देऊ नयेत. त्यांनी धोक्याची लक्षणे झाकली जातात.

८. वर्गात परतण्याच्या पायऱ्या

समजा, इयत्ता चौथीतील एक मुलगी सोमवारी मधल्या सुट्टीत झोपाळ्यावरून पडली. ती बेशुद्ध झाली नाही. पण तिला मळमळले, डोके दुखू लागले आणि मागच्या तासाचा विषय तिला आठवेना. डॉक्टरांनी तपासून ‘हादरा आहे, धोका नाही’ असे सांगितले. तिची पुढील योजना अशी करता येईल :

पहिली पायरी, घरी विसावा. सोमवार ते बुधवार सापेक्ष विश्रांती. मोबाइल व दूरदर्शन बंद. अंगणात फिरणे, बोलणे, गोष्ट ऐकणे चालू.

दुसरी पायरी, घरी थोडा अभ्यास. एका वेळी ५ ते १५ मिनिटे वाचन वा तोंडी गणित. मध्ये विश्रांती. सोसल्यास वेळ हळूहळू वाढवावी.

तिसरी पायरी, अर्धा दिवस शाळा. दोन-तीन तास उपस्थिती. दर अर्ध्या तासाने पाच-दहा मिनिटे डोळे मिटून बसण्याची मुभा. गृहपाठ नाही.

चौथी पायरी, पूर्ण दिवस शाळा. प्रथम विश्रांतीसह, मग नेहमीप्रमाणे. राहिलेला अभ्यास थोडा थोडा भरून घ्यावा. चाचणी शेवटी घ्यावी.

पायरी केव्हा चढावी, हे ठरविण्यासाठी दहा बोटांची मोजणी उपयोगी पडते. मुलीस विचारावे, ‘त्रास मुळीच नसेल तर मूठ मीट, फार असेल तर दहाही बोटे दाखव, आता किती?’ सकाळी तिने दोन बोटे दाखविली आणि वाचनानंतर तीन किंवा चार दाखविली, व तासाभराच्या आत ती पुन्हा दोनवर आली, तर एवढा त्रास चालण्यासारखा आहे. काम चालू ठेवावे. दोनाची पाच किंवा सहा झाली, अथवा वाढलेला त्रास तासाहून अधिक टिकला, तर काम थांबवून विश्रांती द्यावी आणि दुसऱ्या दिवशी काम थोडे कमी करावे. थोडा त्रास म्हणजे अपाय नव्हे, आणि त्रास सोसत राहणे म्हणजे शौर्यही नव्हे, हे मुलीस समजेल अशा शब्दांत सांगावे. पायरी खाली उतरावी लागली तर त्यात कमीपणा नाही. वरील वारांचे वेळापत्रक हे उदाहरण आहे. काही मुले चार दिवसांत वर्गात रुळतात, काहींना तीन आठवडे लागतात.

एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतानाही पुढील सवलती देता येतात :

(१) मुलास खिडकीच्या झगझगीत उजेडापासून दूर व फळ्याच्या समोर बसवावे. फळ्याकडे व वहीकडे आळीपाळीने पाहणे अशा मुलास विशेष जड जाते. म्हणून उतारा शेजारच्या मुलाने लिहून द्यावा किंवा तोंडी उत्तर घ्यावे.

(२) वर्ग सामूहिक पाढे म्हणत असेल किंवा बाहेर लेझीम चालू असेल, तेव्हा त्यास व्हरांड्याच्या शांत कोपऱ्यात सतरंजीवर बसू द्यावे.

(३) एका वेळी एकच सूचना द्यावी. उत्तरासाठी थांबावे. ‘लक्ष कोठे आहे?’ असे सर्वांसमक्ष विचारू नये.

(४) परिपाठास उन्हात उभे करू नये. पोषण आहार व पाणी वेळेवर मिळाले की नाही ते पाहावे.

(५) वर्गातील मुलांना दोन वाक्यांत सांगावे की याच्या डोक्यास आतून मार लागला आहे, तो दिसत नाही, म्हणून काही दिवस त्यास धक्का लागू द्यावयाचा नाही. मुलांवर विश्वास टाकला की ती उत्तम पहारा करतात.

बहुतेक मुले चार आठवड्यांच्या आत पूर्ववत होतात. चार आठवड्यांनंतरही डोकेदुखी, विसरभोळेपणा, झोपेचा बिघाड किंवा चिडचिड राहिली, तर पालकांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवावे. ज्या मुलास पूर्वीही डोक्यास मार लागलेला आहे, त्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे.

९. मैदानावर परतणे

पूर्ण दिवस शाळा निर्वेध होऊ लागल्यावरच जोराच्या खेळाचा विचार करावा. प्रथम चालणे, मग हलके धावणे, मग धक्का न लागणारे खेळ व कवायत, आणि सर्वांत शेवटी कबड्डी, खो-खो, कुस्ती यांसारखे खेळ. प्रत्येक पायरीस निदान एक दिवस द्यावा. ज्या खेळांत पडण्याचा किंवा आदळण्याचा संभव आहे ते सर्व लक्षणे गेल्यावर व डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावेत. शीर्षासन, कोलांटउडी, मल्लखांब व झाडावर चढणे यांनाही हाच नियम लागू आहे.

हा नियम इतका कडक का, हे एका घटनेवरून कळेल. २००६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड्ट या १३ वर्षांच्या मुलाचे फुटबॉलच्या सामन्यात डोके आपटले. थोडी विश्रांती घेऊन तो त्याच सामन्यात पुन्हा खेळला, आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव होऊन त्यास कायमचे अपंगत्व आले. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्यात कायदा झाला : हादऱ्याचा संशय येताच मुलास खेळातून बाहेर काढावे, आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीवाचून परत घेऊ नये. पुढील पाच वर्षांत तेथील सर्व राज्यांनी असे कायदे केले. आपल्या शाळेत हा नियम पाळण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्याची क्रीडास्पर्धा उद्यावर आली असेल व संघातील चांगला गडी आज पडला असेल, त्या दिवशी शिक्षकाची खरी परीक्षा होते.

१०. पालकांशी संवाद

गावात शिक्षकाच्या शब्दास वजन असते. ‘पोर खेळतंय, खातंय, मग दवाखान्यात कशाला?’ असे वडील म्हणतील. त्यांची मजुरी बुडणार असते. त्यांच्या अडचणीचा मान राखून बोलावे. सरकारी दवाखान्यातील तपासणी, १०८ ची मोफत सेवा व गावच्या आशाताईंची मदत यांची माहिती द्यावी. धोक्याच्या लक्षणांची यादी कागदावर लिहून द्यावी व वाचूनही दाखवावी. आई घरी असते म्हणून तिलाही ती स्वतंत्रपणे सांगावी.

एक गोष्ट आपल्या स्वतःविषयीही सांगणे प्राप्त आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा करण्यास मनाई आहे. डोक्यावर मारलेली ‘टपली’, कानशिलावरची चपराक, खांदे धरून हलविणे हे सारे त्यात येते. दुसऱ्याच्या धक्क्यापासून मुलाचे डोके सांभाळणाऱ्याने प्रथम आपला हात आवरला पाहिजे.

११. समारोप

मेंदूचा हादरा बरा करणारी शक्ती मुलाच्या शरीरातच आहे. डॉक्टर धोका आहे की नाही ते पाहतात, घर झोप व अन्न देते, आणि काम किती व केव्हा, याचे माप शाळा ठेवते. हे माप नीट ठेवले तर मुलाचे वर्ष वाया जात नाही. ते चुकले, तर हुशार मूल ‘मठ्ठ’ म्हणून मागे पडते आणि त्याचे कारण कोणाच्याही ध्यानात येत नाही. आपल्या वर्गातील एखादे मूल अलीकडे एकाएकी मंद, विसराळू अथवा हट्टी झाले असेल, तर त्यास रागावण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘बाळ, तू कोठे पडला होतास का?’

चर्चेसाठी प्रश्न व स्वाध्याय

१. डोके आपटलेले मूल त्याच दिवशी खेळावयास का पाठवू नये? मेंदूतील ‘खर्च व आवक’ या कल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘सी.टी. स्कॅन चांगला आला, आता उद्यापासून पूर्ण शाळा,’ असे पालक म्हणाले तर आपण काय सांगाल?
३. कडक विश्रांती व सापेक्ष विश्रांती यांतील भेद सांगा. आपल्या गावातील घरांत सापेक्ष विश्रांती कशी देता येईल?
४. दहा बोटांची मोजणी आपल्या वर्गात प्रत्यक्ष करून पाहा. लहान मुलांस ती समजावताना कोणते शब्द सोयीचे वाटले, ते सहकाऱ्यांस सांगा.
५. धोक्याची नऊ लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून तक्ता तयार करा. त्याखाली १०८ हा क्रमांक व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव लिहून तो कार्यालयाच्या भिंतीवर लावा.
६. शाळेच्या आवारात मुले ज्या ज्या ठिकाणी पडतात त्यांची यादी करा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत ती मांडा.